जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस इस्टेट घरी मॉडिफाय करताना: आधी नटबोल्ट, मग घोडे

गेल्या गणपतीत माझ्या गाडीच्या डिकीत एक हार्मोनियम, तबल्याची जोडी, पुठ्ठ्याचं मखर, तीस माणसांच्या मसालेभाताचं पातेलं आणि दोन घडीच्या खुर्च्या मावल्या. मागची सीट पाडावीसुद्धा लागली नाही. परतताना मोटरवेवर चढायच्या रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर शेजारी बसलेल्या काकांनी छताजवळचं हँडल गच्च धरलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही. वेगवान इस्टेट, म्हणजे लांब डिकीची गाडी, कशासाठी घ्यायची, याचं यापेक्षा वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांत ही गाडी बरीच दिसते. आपल्याला ऑक्टाव्हिया हे नाव परकं नाही. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून २००१ पासून ऑक्टाव्हिया बाहेर पडत होती, आणि एके काळी डॉक्टर-बिल्डर मंडळींच्या दारात ती असायचीच. तिची वेगवान आवृत्ती आरएस २३० भारतात २०१७ मध्ये आली, आरएस २४५ च्या तर २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आल्या. या पिढीची इस्टेट मात्र तिकडे आलीच नाही. इकडे आरएसच्या आधी एक ‘व्ही’ लागतो, आणि वापरलेली गाडी बऱ्यापैकी स्वस्तात मिळते.

खाली लिहिलंय ते तिसऱ्या पिढीबद्दल, म्हणजे २०१३ ते २०२० मधली २.० टीएसआय पेट्रोल इस्टेट. सुरुवातीला २२० पीएस (म्हणजे घोड्यांची ताकद), मग २३०, आणि २०१७ पासून २४५. डिकी ६१० लिटर, सीट पाडल्या की १,७४० लिटर. १८४ पीएसची डिझेलही आहे. ती घेणार असाल तर युरो ६ (प्रदूषणाचं मानक) आहे ना, एवढं कागदावर पाहून घ्या, नाहीतर लंडनच्या यूलेझ, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, हद्दीत दिवसाला १२.५० पौंड मोजावे लागतील.

एक कबुली आधीच देतो. मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने केलं. गाडी घेतली, दुसऱ्याच आठवड्यात रीमॅप मारला (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली), आणि महिन्याभरात चौथ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा वर चढायला लागला आणि गाडी तिथेच. क्लच सरकत होता. क्लच आणि फ्लायव्हीलचं बिल रीमॅपच्या कितीतरी पट आलं. त्या गाडीचे मागचे टायर तेव्हा सात वर्षांचे होते, हे मला त्यानंतर कळलं. म्हणून खालचा क्रम जरा कंटाळवाणा वाटला तरी तसाच ठेवा.

पहिली पायरी: गाडी घ्यायच्या आधी

सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की गाडीचा सगळा एमओटी इतिहास, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, फुकट दिसतो. पास-नापास पाहून थांबू नका, खालच्या ‘ॲडव्हायजरी’ वाचा. तीन वर्षं लागोपाठ ‘टायर कडेने झिजलाय’ असं लिहिलेलं असेल तर मालकाने अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कधी केलीच नाही, आणि बाकी काय काय केलं नसेल याचा अंदाज येतो. दरवर्षीचा मैलांचा आकडाही तिथेच असतो. तो मध्येच मागे गेलेला दिसला तर पुढे बोलूच नका.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला सांगून ठेवा की इंजिन थंडच ठेवा. तुम्ही पोचाल तेव्हा बोनेट गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं. बोनेट उघडून कूलंटच्या टाकीची पातळी बघा. या इंजिनाचा, म्हणजे ईए८८८ च्या तिसऱ्या पिढीचा, ठरलेला आजार म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. ते गळतं. थेंब दिसतीलच असं नाही, पण इंजिनाच्या बाजूला सुकलेले गुलाबीसर डाग दिसतात आणि गोडसर वास येतो. हा दोष असला म्हणून गाडी टाकून देऊ नका, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या.

वर काचेचं मोठं छत असेल तर पुढच्या सीटखालचे गालिचे हाताने दाबून बघा. छताच्या कडेच्या पन्हाळी तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि ओल्या गालिच्याचा वास विलायती हवेत जन्मात जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पण सगळे विसरतात ते: चाकाच्या लॉकिंग बोल्टची चावी गाडीत आहे का? प्रत्येक चाकाला एक बोल्ट वेगळ्या नक्षीचा असतो आणि त्याची छोटी टोपी-चावी डिकीत, स्टेपनीच्या खोबणीत असायला हवी. जुन्या गाड्यांत ती हरवलेलीच असते. ती नसेल तर पुढचं एकही काम सुरू होत नाही.

दुसरी पायरी: जागा आणि हत्यारं

इथल्या घरांपुढची जागा बहुधा उताराची असते, किंवा खडीची. दोन्हीवर जॅक लावणं म्हणजे आगीशी खेळ. सपाट काँक्रीट नसेल तर ओळखीत कुणाकडे आहे ते शोधा, आणि जाताना चिवडा घेऊन जा.

दोन टनाचा ट्रॉली जॅक, त्यावर ठेवायची रबराची खाच असलेली गादी, दोन चांगले अ‍ॅक्सल स्टँड आणि चाकाला लावायच्या उट्या. जॅक फक्त गाडी उचलायला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. मागची बाजू उचलताना लक्षात ठेवा, हॅण्डब्रेक मागच्याच चाकांना लागतो. मागची चाकं हवेत गेली की हॅण्डब्रेक असून नसल्यासारखा, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या हव्यातच.

गोटी पान्यांचा बरा सेट घ्या. चाकाच्या बोल्टला १७ ची गोटी लागते. शिवाय फोक्सवॅगनच्या या जर्मन घराण्याला बारा कोनी स्प्लाइन बिटचं भारी वेड आहे, आणि तो बिट ॲलन-कीसारखा दिसतो म्हणून लोक ॲलन-की घालून बोल्टचं डोकं गोल करून टाकतात. बिट घ्याच, दहा-पंधरा पौंडांत सेट येतो. टॉर्क रेंच एकच परवडत असेल तर ४० ते २०० न्यूटन-मीटरवाला घ्या. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला. अंदाजाने पायाने दाबून कसलेले बोल्ट पुढे रस्त्याच्या कडेला पंक्चर झाल्यावर तुमच्याच्याने सुटणार नाहीत.

आणि फोनला जोडायचा एक ओबीडी डोंगल (गाडीतल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारा), जो फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचे सगळे कंट्रोल युनिट वाचतो. घेतल्याच्या दिवशी पूर्ण स्कॅन करून तो अहवाल जपून ठेवा. पुढे काही बिघडलं तर हे आधीपासून होतं की आपल्या हातून झालं, हे त्यावरून कळतं.

तिसरी पायरी: गाडी मूळपदावर आणा

पहिले दोन-तीन महिने एकही ‘पार्ट’ विकत घेऊ नका. तो पैसा यात घाला.

इंजिन ऑईल आणि फिल्टर. मागच्या मालकाने ‘लाँगलाइफ’च्या नावाखाली दोन-दोन वर्षं तेच ऑईल चालवलेलं असतं. डब्यावर व्हीडब्ल्यू ५०४.०० हे मानक छापलेलं बघूनच घ्या, नुसतं ५डब्ल्यू-३० पाहून नाही. पुढे वर्षातून एकदा किंवा दहा हजार मैलांना, जे आधी येईल तेव्हा बदला. जुनं ऑईल डब्यात भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर न्यायचं. गटारात ओतलं तर गुन्हा आहे.

एअर फिल्टर, पोलन फिल्टर, स्पार्क प्लग. प्लग हे टर्बो पेट्रोलमध्ये खर्चाचं नव्हे, बचतीचं काम आहे, कारण झिजलेल्या प्लगमुळे कॉइलही जातात. इंजिन पूर्ण थंड असताना काढा, गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढायला गेलात तर आटे येतील बरोबर.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी. हे पाणी शोषून घेतं आणि मग उतारावर पेडल मऊ पडतं.

डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्या बॉक्सचं ऑईल आणि फिल्टर दर ४०,००० मैलांना बदलावंच लागतं. सर्व्हिस बुकात त्याची नोंद नसेल तर झालेलं नाही असं धरून चाला. हे काम मी घरी करत नाही. ऑईलची पातळी ठरावीक तापमानालाच मोजावी लागते, गाडी चारही बाजूंनी सपाट उचलावी लागते. बाहेर करून घ्या.

आता टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण नोव्हेंबरच्या पावसात २२० घोड्यांची पुढच्या चाकावरची गाडी तेवढ्यावर चालवून बघा म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. चारही एकाच जातीचे चांगले टायर हे या गाडीला लावता येणारं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन आहे. मित्रांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही, हे मान्य.

चौथी पायरी: विमा

पाना हातात घ्यायच्या आधी फोन हातात घ्या. स्प्रिंग, चाकं, रीमॅप, काळ्या काचा, सगळं विमा कंपनीला सांगावं लागतं. सांगितलं नाही आणि अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते किंवा कमी पैसे देते, आणि पॉलिसीच रद्द केली तर पुढच्या प्रत्येक विम्याच्या अर्जावर ‘पॉलिसी रद्द झाली होती का?’ या प्रश्नाला तुम्हाला ‘हो’ लिहीत बसावं लागतं. किंमत तुलना करणाऱ्या साइटवरच्या स्वस्त कंपन्या रीमॅप ऐकल्यावर बऱ्याचदा नाही म्हणतात. मॉडिफाय गाड्यांचा विमा करणारे खास दलाल असतात, त्यांना विचारा. काय करायचंय त्याची पूर्ण यादी आधी करून एकदाच भाव घ्या. दर वेळी फोन केला की दर वेळी फी.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं ब्रिटनपुरतं आहे. तिकडे गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि इथे चालतं म्हणून तिथे चालेल असं समजू नका.

पाचवी पायरी: ब्रेक

घरी करायच्या कामांत सुरुवात इथून करा. पुढचे पॅड आणि डिस्क एका शनिवारच्या सकाळी होतात. चाक काढा, कॅलिपर (पॅड धरणारा भाग) सोडवा आणि तो तारेने स्प्रिंगला टांगून ठेवा. ब्रेकच्या नळीवर त्याचं वजन लोंबकळू देऊ नका. हबवरचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) गंज वायर ब्रशने अगदी धातू दिसेपर्यंत घासा. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला की नवी डिस्क किंचित तिरकी बसते आणि दोन हजार मैलांनी स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक मग डिस्कला नावं ठेवतात.

नव्या डिस्कवर पॅकिंगचं तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑईलच्या टाकीवर लक्ष ठेवा, काठोकाठ भरलेली असेल तर उतू जाईल आणि रंग खाईल. मागच्या कॅलिपरला हाताने ओढायच्या हॅण्डब्रेकची केबल असते, त्यामुळे तो पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत दाबावा लागतो. त्याचं हत्यार वेगळं मिळतं. सगळं जोडल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा दाबा. हे विसरून गाडी मागे घेतली तर पहिल्यांदा पेडल थेट फ्लोअरला जातं, आणि शेजाऱ्याची भिंत तिथेच असते.

पॅड रस्त्यावर वापरायचे, थंडीतही धरणारे घ्या. रेसिंगचे पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि मुलांना शाळेत सोडेपर्यंत ते गरम होत नाहीत.

सहावी पायरी: स्प्रिंग

गाडी जरा खाली बसली की तिचं रूप पालटतं, हे खरं. पण ही इस्टेट आहे. सुटकेस, सासरे आणि सुपरमार्केटचा तांदूळ एकाच वेळी मागे असतो. २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा खाली जाऊ नका, नाहीतर प्रत्येक स्पीड ब्रेकरला गाडी पोट घासेल. पन्नास-साठ हजार मैल झालेल्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंग बसवणंही वाया. दोन्ही एकदम करा, काम तेच आहे.

सुरू करायच्या आधी गाडी चाकांवर उभी असताना चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. हे कशाला ते पुढे येतं.

मागची बाजू सोपी. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या, बाहेरच्या टोकाचा बोल्ट काढा, जॅक हळूहळू सोडा, स्प्रिंग मोकळी होते. नवी घालताना तिचं टोक खालच्या रबरी गादीच्या खाचेत नीट बसलंय ना, बघा.

पुढची बाजू हीच खरी परीक्षा. तिथे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात आणि त्यांचे वरचे बोल्ट वायपरखालच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली लपलेले असतात. म्हणजे आधी वायपर काढा. वायपरचे हात वर्षानुवर्षं आट्यांवर जाम झालेले असतात, हातोडा मारू नका, दहा पौंडांचा छोटा पुलर घ्या. खाली शॉकअप हबच्या चिमट्यात बसतो. बोल्ट काढला तरी निघत नाही, चिमटा किंचित फाकवायला खास लंबगोल बिट लागतो. तो चिरेत घालून पाव वळसा द्यायचा. मी पहिल्यांदा छिन्नी वापरली होती. अर्धा दिवस गेला आणि भाषा बिघडली.

बाहेर काढल्यावर स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय वरचा नट सोडायचा नाही. आवळलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जखमी करण्याइतका जोर असतो. स्वस्तातला कॉम्प्रेसर आणू नका. मन धजत नसेल तर काढलेले दोन्ही स्ट्रट (शॉकअप-स्प्रिंगचे जोड) घेऊन जवळच्या गॅरेजमध्ये जा, थोड्या पैशांत तेवढंच बदलून देतात. यात कमीपणा काही नाही. वरचा माउंट आणि त्यातलं बेअरिंग मात्र नवंच टाका.

आता ते अंतर. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना पूर्ण कसायचे नाहीत. तसं केलं तर गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. जॅकने हब वर उचला, लिहून ठेवलेल्या अंतरातून जेवढी गाडी खाली बसणार तेवढं वजा करा, त्या उंचीला आणून मग कसा. हे घरी करणारे निम्मे लोक वगळतात. ज्या बोल्टना टॉर्कनंतर ‘अजून ९० अंश’ असं लिहिलेलं असतं ते एकदाच वापरायचे, नवे घ्या.

झालं की दोन-तीन दिवसांत चारही चाकांची अलाइनमेंट. झेनॉन दिवे असतील तर त्यांची उंची ठरवणारा सेन्सर सस्पेन्शनला जोडलेला असतो, गाडी खाली गेली की त्याला वाटतं डिकीत ओझं आहे. त्याची शून्य पातळी नव्याने शिकवावी लागते, नाहीतर एमओटीला दिवे नापास.

मोठी चाकं हवीच असतील तर माप ५×११२ (११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. १९ इंची दिसतात छान, पण इथले खड्डे बघता मी १८ वर खूष आहे.

सातवी पायरी: आता घोडे

इंजिन आणि गिअरबॉक्स मागे-पुढे डोलू नये म्हणून खाली एक ‘डॉगबोन’ माउंट असतो. त्यात घालायचा पॉलियुरेथेनचा तुकडा स्वस्त आहे, तासाभरात बसतो, आणि गिअर टाकतानाचा धक्का कमी होतो. थंड इंजिनाला केबिनमध्ये थोडा कंप जाणवतो. घरात कुणाला गाडीच्या आवाजाचा तिटकारा असेल तर आधी कल्पना द्या.

मग रीमॅप. स्टेज १ ला, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदलून, ही इंजिनं साधारण ३०० पीएसच्या आसपास जातात, आणि टॉर्क ४०० न्यूटन-मीटरच्या पुढे. तोच टॉर्क मॅन्युअलचा मूळ क्लच खातो, माझा खाल्ला तसा. क्लचचा खर्च धरूनच रीमॅपचं बजेट करा, किंवा खालच्या आरपीएममधला टॉर्क मुद्दाम आवरता ठेवणारा मॅप मागा, चांगले ट्यूनर देतात. ते आधी गाडी रोलिंग रोडवर (चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून मूळ आकडे दाखवतात. बसल्या जागी फाइल पाठवून पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. मॅप ज्या पेट्रोलसाठी केलाय, म्हणजे ९७-९९ ऑक्टेनचं सुपर, तेच भरा. त्यानंतर प्लग ठरल्यापेक्षा लवकर बदला. अधिकृत डीलरकडे सर्व्हिसला गेलात तर सांगून ठेवा, कारण त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं की तुमचा मॅप पुसला जातो.

कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढून टाकलेला पाइप लावायचा मोह होईल. धुराच्या चाचणीत गाडी नापास होते आणि रस्त्यावर ती चालवणं बेकायदा आहे. डिझेलवाल्यांनी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढला आणि एमओटीवाल्याला तो छेडलेला दिसला तर तिथेच नापास. पुढच्या दाराच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. हॅलोजनच्या दिव्यात झेनॉनचे बल्ब कोंबू नका, त्यावरही नापास करतात आणि समोरून येणाऱ्याचे शिव्याशाप वेगळे.

कुठलंही काम झालं की पन्नास मैल चालवून चाकाचे बोल्ट पुन्हा १२० ला तपासा, आणि डोंगल लावून परत एकदा स्कॅन करा. काढलेले मूळ भाग फेकू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक ते विचारतं, आणि मूळ स्थितीतली गाडी लवकर जाते. माझ्या माळ्यावर जुन्या स्प्रिंगांचा खोका आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी आहे. त्यावर मोठ्या अक्षरात ‘पुढच्या, डावी-उजवी, बोल्टसकट’ असं लिहिलंय, कारण गेल्या दिवाळीत बायकोने कंदील समजून तोच खोका खाली उतरवला होता.